पाप्याची हाक देवाला ऐकू येते काय?

नामाचा महिमा सांगायचा म्हटला की कीर्तनकाराला अजामिळ हाताशी असतो. जन्मभर नको ते केले, मरतेसमयी धाकट्या मुलाला 'नारायणा' म्हणून हाक मारली, विष्णुदूत धावून आले, यमदूतांचे पाश तुटले आणि स्वारी वैकुंठाला गेली. टाळ वाजतात, मृदंगावर थाप पडते, श्रोते डोलतात. आख्यान गोड आहे यात शंका नाही. परंतु भागवताच्या सहाव्या स्कंधात ते तेवढ्यावर संपत नाही. तेथे अजामिळ त्या दिवशी मरतच नाही! दूत निघून जातात, तो भानावर येतो, आणि मग रडतो. काय म्हणून रडतो? म्हाताऱ्या आईबापांना मी वाऱ्यावर सोडले, लग्नाच्या बायकोला टाकले, असे एकेक नाव घेऊन रडतो. नंतर घरदार सोडून तो गंगाद्वारी, म्हणजे आपण ज्याला हरिद्वार म्हणतो तेथे जातो, इंद्रिये आवरून भजनाला बसतो, आणि त्यानंतर ते दूत पुन्हा दिसतात. विमान येते ते तेव्हा.

हा मधला प्रवास गाळला की आख्यान आटोपशीर होते खरे, पण नाम स्वस्त होते. आमचे पाठशाळेतील गुरुजी म्हणत, "अरे, अर्धा अजामिळ सांगू नकोस, पुरता सांग, अर्ध्याने लोक बिघडतात." पद्मपुराणात दहा नामापराध मोजले आहेत. त्यांत एक असा की नामाच्या जोरावर पाप करणे. आधी करून घेऊ, मग नामाने धुऊन काढू, हा हिशेब ज्याच्या मनात आहे त्याच्या तोंडचे नाम हाच त्याचा अपराध होतो. दुकान उघडण्यापूर्वी उदबत्ती लावायची आणि मग वजनात मारायचे, हा त्यातलाच प्रकार. असो.

हे आज लिहिण्याचे कारण असे की गेल्या चातुर्मासात मुंबईच्या उपनगरांत आमची काही कीर्तने झाली आणि तेथे दोन माणसांनी एकच प्रश्न दोन बाजूंनी विचारला.

मुलुंडला काल्याच्या आदल्या रात्री एक बाई थांबल्या. चार घरचा स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या. त्या म्हणाल्या, "बुवा, आमच्या भिशीचे पैसे ज्यानं खाल्ले, त्याच्या गळ्यात माळ आहे. एकादशी करतो, दर आषाढीला दिंडीत असतो. पोराला नोकरी लागली, नवी खोली घेतली. देव त्याचं ऐकतो आणि आमचं नाही, असंच समजायचं ना?" आम्ही म्हटले, "माउली, उद्या बोलू." कारण अशा प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देऊ नये.

दुसरे घाटकोपरचे, सातारकडचे एक बाबा. लोक पांगले तरी सतरंजीची घडी घालीत मागे राहिले. डोंगरावरची झोपडी दोघा भावांनी मिळून घेतलेली, पैसे दोघांचे, कागद थोरल्याच्या नावाचा. पुनर्वसनाच्या योजनेत तिच्या जागी २२५ चौरस फुटांचे घर मिळाले, तेव्हा थोरल्याने, म्हणजे या बाबांनीच, धाकट्याचा हिस्सा नाकारला. धाकटा बदलापूरला भाड्याने राहायला गेला. बोलणे बंद. आता बाबांचा नातू दवाखान्यात होता. "बुवा, मी रोज हरिपाठ म्हनतो. पन माज्या तोंडचं द्येव ऐकंल का? का माज्यामुळंच ह्ये पोरावर आलं?"

एकाला वाटते देव पाप्याचे ऐकतो, म्हणून दुःख. दुसऱ्याला वाटते ऐकत नाही, म्हणून दुःख. आता शास्त्र काय म्हणते ते पाहू.

प्रथम बाईंचा प्रश्न. गंगाद्वारी गेलेला आणखी एक अपराधी महाभारतात आहे, सिंधुदेशचा राजा जयद्रथ. पांडव वनात असताना, ते शिकारीला गेल्याची संधी साधून याने द्रौपदीला रथात घालून पळवले. पांडवांनी पाठलाग करून धरला. भीम मारायलाच उठला होता. पण बहीण दुःशलेचा तो नवरा, म्हणून धर्मराजाने त्याला सोडवले. भीमाने डोक्यावर पाच शेंड्या ठेवून त्याची हजामत केली आणि सोडून दिले. हा तसाच, त्या अवस्थेत, घरी न जाता गंगाद्वारी गेला आणि तपाला बसला. तप असे खडतर की प्रत्यक्ष शंकर प्रसन्न झाले. याने मागितले काय? पाचही पांडवांना मी युद्धात जिंकावे. शंकर म्हणाले, ते होणे नाही. मात्र अर्जुन सोडून बाकीच्यांना तू एक दिवस अडवून धरशील.

म्हणजे देवाने पाप्याचे ऐकले की नाही? ऐकले. वर खरा झाला. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला, मागून येणाऱ्या चौघा पांडवांना जयद्रथाने दारातच रोखले आणि ते पोर आत एकटे सापडून मेले. चौदाव्या दिवशी सूर्यास्ताच्या आत अर्जुनाने जयद्रथाचे डोके उडवले. तो वर मिळाला नसता तर जयद्रथ कदाचित म्हातारा होऊन अंथरुणावर मेला असता. त्याला मारले ते त्याच्याच प्रार्थनेच्या फळाने.

एकच तीर्थ, तेच पाणी. अजामिळ गेला तेव्हा त्याला मागायचे काही नव्हते, सोडायचे होते. जयद्रथ गेला तो अपमान उराशी धरून. त्याच्या तपाच्या काळात द्रौपदीची आठवण त्याला झाली असेल तर ती आपली फजिती झाली म्हणून; तिची काय अवस्था झाली असेल हे त्याच्या मनात आल्याचे व्यासांनी कोठे लिहिलेले नाही. तेव्हा बाईंना आम्ही दुसऱ्या दिवशी म्हटले ते हेच, की मिळालेला वर आणि झालेली कृपा यांत गल्लत करू नये. पोराला नोकरी लागली ही देवाने दिलेली पावती नव्हे. मनूच्या चौथ्या अध्यायात क्रम सांगितला आहे: अधर्माने माणूस आधी वाढतो, मग त्याला बरे दिवस दिसतात, मग तो शत्रूंवर मातही करतो, आणि नंतर मुळासकट जातो. (मनुस्मृतीतले सगळेच आम्ही डोक्यावर घेतो असे कोणी समजू नये. माणसामाणसांत तिने जी उतरंड रचली ती संतांनी वाळवंटात मोडली, आणि ते बरे झाले. पण खऱ्याखोट्या व्यवहाराबद्दल तिच्यात जे शहाणपण आहे ते टाकून देण्याचे कारण नाही.)

बाईंचे यावर समाधान झाले असे नाही. त्या म्हणाल्या, "तो मुळासकट जाईल तेव्हा जाईल, माझ्या पोरीचं लग्न आता आहे." या बोलण्यात काही खोटे नाही. फिर्याद करू का, असेही त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, अवश्य करा. आपल्या कष्टाचे मागणे हे भक्तीच्या आड येत नाही. सोशीकपणाचा उपदेश नेहमी ज्याचे बुडाले त्यालाच का करतात, हे आम्हांस कधी उमगले नाही.

आता घाटकोपरचे बाबा. त्यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतला पाहिजे, कारण तो त्यांना जास्त जाळीत होता. माझ्या पापाने नातू आजारी पडला का? हे त्यांच्या मनात आपोआप आलेले नव्हते. कोणा प्रवचनात त्यांनी ऐकले होते की अधर्माचे फळ स्वतःला नाही तर मुलाला, मुलाला नाही तर नातवाला भोगावे लागते. वचन आहे, आम्ही नाकारीत नाही. आत्ताच ज्याचा उल्लेख केला त्याच ठिकाणी, त्याच्या लगत आहे. परंतु त्याच अध्यायात पुढे असेही आहे की जीव एकटा जन्मतो, एकटा मरतो, आणि आपले पुण्य व आपले पाप एकटाच भोगतो. दोन्ही वचने एकाच ग्रंथातली, एकाच अध्यायातली. मग कोणते धरायचे?

मीमांसेत यासाठी एक वाट सांगितली आहे. वाक्याचा हेतू पाहावा. काही वाक्ये वस्तुस्थिती सांगतात. काही निंदा करून माणसाला एखाद्या कर्मापासून परावृत्त करण्यासाठी असतात, त्यांना अर्थवाद म्हणतात. नातवाचे वचन हे पाप करायला निघालेल्याचा हात धरण्यासाठी आहे. तू आपल्या जिवावर उदार झाला असशील, पण नातवाचे तोंड आठव, असे ते सांगते. पाप होऊन गेल्यावर, पोर तापाने फणफणलेले असताना, ते वचन आजोबाच्या कानात ओतणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे. वाल्या कोळ्याची कथा तर आपल्या घरोघर आहे. नारदांनी त्याला घरी पाठवले, आणि बायकापोरांनी काय सांगितले? तुझ्या पापाचे आम्ही वाटेकरी नाही. ते निष्ठुर बोलले असे आपल्याला वाटते, पण शास्त्रदृष्ट्या ते बरोबर बोलले. आजोबाने लिहून घेतलेल्या खोलीपायी नातवाला ताप येत नाही. पोराचा ताप डॉक्टरकडे न्यायचा असतो.

नातवापर्यंत मात्र एक गोष्ट खरेच पोहोचते, आणि त्या वचनाचा व्यवहारातला अर्थ आम्ही तोच घेतो. दोन भावांच्या घामाची खोली एकाच्या नावावर झाली की ती पुढे नातवाच्या हाती येते, आणि तिच्याबरोबर वैरही येते. चुलत भावंडे एकमेकांना ओळखत नाहीत, लग्नाची पत्रिका जात नाही, सुतकाला कोणी येत नाही. गावच्या सातबाऱ्यावर जसे जुने बोजे चढलेले असतात तसेच हे. उपनगरांत आज जुन्या चाळी पाडून इमारती उठत आहेत, आणि त्यांतल्या किती घरांत असा एखादा धाकटा गाळलेला आहे हे त्या त्या घरच्यांनाच ठाऊक.

आता मुख्य प्रश्न. अशाची हाक देव ऐकतो काय? आमच्या संप्रदायात याचा अगदी नेमका दाखला आहे, आणि तो आपण रोज तोंडाने म्हणत असूनही आपल्या ध्यानात येत नाही. वाघोलीचे रामेश्वरभट्ट. मोठे शास्त्री. वाण्याच्या दुकानात बसणाऱ्या कुणबी तुकोबांनी मराठीत वेदांचा अर्थ बोलावा हे त्यांना सोसले नाही. त्यांच्या सांगण्यावरून तुकोबांना आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. एखाद्याचे धन बुडवणे निराळे आणि आयुष्यभराची वाणी बुडवायला लावणे निराळे. तुकोबा देवाच्या दारी अन्नपाणी सोडून बसले. तेरा दिवसांचा उल्लेख त्यांच्या स्वतःच्या अभंगांत आहे.

इकडे रामेश्वरभट्टांच्या अंगाचा दाह सुरू झाला. महिपतीबाबा ताहराबादकर (१७१५–१७९०) यांनी ही कथा विस्ताराने गायिली आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे निमित्त एका फकिराच्या शापाचे झाले. काही केल्या आग शमेना. तेव्हा शास्त्रीबुवा आळंदीला गेले आणि ज्ञानोबारायांच्या समाधीपुढे अनुष्ठानाला बसले. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. हा माणूस अपराधी आहे. अजून त्याने कोणाची क्षमा मागितलेली नाही. अपराध कबूल केला असेही नाही. अंग भाजते आहे ते थांबावे एवढेच त्याचे मागणे. पाप्याची प्रार्थना म्हणतात ती हीच.

आणि माउलींनी ती ऐकली. स्वप्नात दृष्टांत झाला. पण दृष्टांत काय झाला? "तुझा दाह शांत होईल, घरी जा" असा झाला नाही. देहूला तुकोबांना शरण जा, असा झाला. ज्यांच्या समाधीपुढे तो बसला होता ते ज्ञानोबाराय काय असमर्थ होते? रेड्यामुखी वेद बोलवला असे ज्यांच्याविषयी आपण गातो, भिंत चालवली असे गातो, त्यांना एका माणसाच्या अंगावर गार पाणी शिंपडता आले नसते? शिंपडले नाही. पत्ता दिला! आळंदीहून देहू काही दूर नाही. पण रामेश्वरभट्टांना ते अंतर अवघे आयुष्य मोडून चालायचे होते.

त्यांनी शिष्याच्या हाती पत्र पाठवले. तुकोबांनी उत्तरादाखल एक अभंग लिहून दिला. त्याचा आशय वारकऱ्यांना सांगायला नको. मन निर्मळ झाले की वैरी मित्र होतात आणि वाघसर्पही खात नाहीत, असा. तो वाचला आणि दाह शमला. ही नुसती महिपतीबाबांची भाविक भर आहे असे कोणी म्हणेल तर रामेश्वरभट्टांचे स्वतःचे अभंग उपलब्ध आहेत. द्वेष केला म्हणून शरीराला व्यथा झाली, आणि तुकोबांच्या संगतीने आराम पडला, हे त्यांनी आपल्या नावाने नोंदवून ठेवले आहे. पुढे ते तुकोबांचे होऊन राहिले. परंपरेने चौदा टाळकऱ्यांची जी यादी चालत आली आहे तिच्यात त्यांचे नाव आहे. आणि कीर्तन संपताना आपण तुकोबांची जी आरती उभे राहून म्हणतो ती कोणाची? रामेश्वरभट्टांची. वह्या बुडवायला लावणाऱ्याचे शब्द गावोगावच्या देवळांत रोज रात्री ऐकू येतात, आणि आपण टाळ्या वाजवून त्यांत आपला सूर मिसळतो.

तेव्हा घाटकोपरच्या बाबांना आम्ही म्हटले, "माउली, देव तुमचं ऐकतो. पण उत्तर बदलापूरचं येईल, त्याची तयारी ठेवा." बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो दार उघडायचा न्हाई." आम्ही म्हटले, "रामेश्वरभट्टसुद्धा आधी गेले नाहीत, आधी पत्र धाडलं." पत्र लिहिण्यासारखे त्यांचे अक्षर राहिले नव्हते. सप्ताहाची छापील पत्रिका पडली होती, तिच्या पाठीवर त्यांनी सांगितले तसे आम्ही लिहून दिले. चारच ओळी. त्यांत नातवाच्या आजाराचा उल्लेख घालू नका, असे आम्ही मुद्दाम सुचवले. कारण तो घातला की क्षमा मागणे राहते बाजूला आणि धाकट्यावर दया करण्याचे ओझे पडते. नातवाचे पुढे काय झाले हे येथे सांगत नाही. बरा झाला म्हणावे तर खोली दिली की ताप उतरतो असा नवा सौदा लोक करतील, आणि तो सौदा आमच्या शास्त्रात नाही. देणे द्यायचे ते ते देणे आहे म्हणून.

आता ज्यांना ग्रंथाचा आधार पाहिजे त्यांच्यासाठी थोडे. गीतेत या विषयावर दोन वचने वरवर परस्परविरुद्ध दिसतात. सातव्या अध्यायात भगवान म्हणतात की दुष्कृती, मूढ, नराधम मला शरण येतच नाहीत. आणि लगेच पुढे आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी व ज्ञानी असे चार प्रकारचे भक्त सांगताना त्यांना 'सुकृती' असे विशेषण लावतात. नवव्या अध्यायात मात्र म्हणतात की अत्यंत दुराचारी असला तरी तो अनन्य होऊन मला भजत असेल तर त्याला साधूच समजावे. मग दुष्कृती येतो की येत नाही?

उत्तर नवव्यातल्याच एका पदात आहे, 'सम्यग्व्यवसित'. म्हणजे ज्याचा निश्चय नीट झाला आहे तो. भगवान त्याला साधू म्हणायला सांगतात ते त्याच्या कालच्या कर्मामुळे नव्हे, आजच्या निश्चयामुळे. आणि पुढच्याच श्लोकात तो लवकरच धर्मात्मा होतो असे आहे. तेथे शंकराचार्य भाष्यात सांगतात की आतल्या त्या निश्चयाच्या बळावर तो बाहेरचा दुराचार टाकून देतो. दुराचार चालू ठेवून साधू, असा अर्थ कोणाही टीकाकाराला काढता येत नाही. सातव्या अध्यायातला दुष्कृती येत नाही हे खरेच. कारण जो खरोखर आला तो येता येताच दुष्कृती राहिला नाही.

माउली तर याच्याही पुढे जातात. मूळ श्लोकात अनुताप हा शब्द नाही. ज्ञानेश्वरीत, शके १२१२ म्हणजे १२९० साली नेवाशाला, माउलींनी तो आणला, आणि त्याला तीर्थ म्हटले. पाप्याने आधी अनुतापाच्या तीर्थात नाहावे आणि मग माझ्या आत यावे, असा त्या ओवीचा भाव. हरिद्वार लांब आहे. हे तीर्थ घरात आहे, पण त्याचे पाणी फार गार. तेथेच दुसरा दृष्टांत आहे, महापुरात बुडालेला माणूस न मरता काठाला लागला तर त्याचे बुडणे वाया गेले, म्हणजे झालेच नाही म्हणायचे. उपनगरांतल्या लोकांना हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री छातीभर पाण्यातून चालून दुसऱ्या दिवशी घरी पोहोचलेली माणसे आज या भागात हजारोंनी आहेत. घरच्यांनी त्यांना दारात पाहिले तेव्हा 'तू बुडत होतास ना' म्हणून कोणी हिशेब विचारला नाही. देवाचे तसेच आहे. मात्र काठाला लागावे लागते. पुरात राहून हात हलवीत 'मी वाचलो' म्हणून चालत नाही.

एक अवघड जागा राहते. खोली परत देता येते, पैसे परत देता येतात. चोरी केली तर आधी चोरलेले परत करावे आणि मग प्रायश्चित्त घ्यावे, असे स्मृतीचेही म्हणणे आहे; अकराव्या अध्यायात ते स्पष्ट आहे. धनी मेला असेल तर त्याच्या वारसाला द्यावे, एवढे कोणालाही कळते. पण जीव गेला असेल तर? २५ जुलै २०१७ रोजी, श्रावण नुकताच लागला असताना, घाटकोपरला चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या दुरुस्तीत खांबांना हात लावला असा आरोप झाला, खटला भरला गेला. त्याआधी जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. अशा ठिकाणी दोषी कोण ते न्यायालय ठरवील, ते आमचे काम नव्हे. पण ज्याच्या हातून असे काही झाले आहे आणि ते ज्याचे त्याला ठाऊक आहे, त्याने देवापुढे बसून काय मागावे?

सुटका मागू नये, असे आमचे मत आहे. आठव्या अध्यायात चोराविषयी एक चित्र आहे: त्याने केस मोकळे सोडून, खांद्यावर मुसळ घेऊन, राजाकडे धावत जावे, आपले कर्म स्वतः सांगावे आणि मला शिक्षा कर म्हणावे. राजाने दंड केला की तो पुण्यवंतासारखा निर्मळ होऊन स्वर्गाला जातो. दंड येथे देवाच्या कोपाचा भाग धरलेला नाही, शुद्धीचा धरला आहे. आता मुसळ कोणी घेऊन जाणार नाही, आणि राजाही नाही. पण खटल्यातून सुटावे म्हणून नवस बोलणे, साक्षीदार फिरावा म्हणून अभिषेक करणे, हे जयद्रथाचे तप होय. तो नवस फळला तरी भ्यावे. उलट कोठडीत बसून, मी केले ते मी सांगेन, एवढे बळ दे, असे जो म्हणेल त्याची हाक पंढरीला पहिल्या लाटेत पोहोचत असेल असे आम्हांस वाटते.

जाता जाता सप्ताहाच्या मंडळांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. भंडाऱ्याचे मोठे पातेले कोणाच्या पैशाचे, हे हल्ली विचारले जात नाही. फलकावर नाव किती मोठे हवे एवढेच विचारतात. न्यायाने मिळवलेल्या द्रव्याचेच दान करावे हा जुना दंडक आहे. ज्याने कोणाचे बुडवले हे साऱ्या वस्तीला माहीत आहे, त्याची पंगत मंडळाने घेऊ नये. त्याला म्हणावे, आधी तिकडचे दे, मग इकडे ये, आणि आलास की पहिला बुक्का तुलाच लावू. पंगत एक दिवस पिठलंभाकरीची झाली तर बिघडत नाही. त्याला कीर्तनाला मात्र कधीही अडवू नये. टाळ हातात द्यावा, वर्गणी घेऊ नये. हा भेद पुष्कळ ठिकाणी उलटा पाळला जातो.

मुलुंडच्या बाईंनी निघताना आणखी एक विचारले, ते लिहून लेख संपवतो. त्यांचीही दिंडी आहे. वारीत समोर येईल त्याच्या पाया पडायची आपली रीत. "तो माळकरी समोर आला तर त्याच्या पाया पडायचं का?" आम्ही म्हटले, पडायचे, पाया पडतो ते गळ्यातल्या तुळशीच्या. तुकोबाही दार लावून बसले नव्हते, पत्र आले तेव्हा त्यांनी ते घेतले. पण ते आळंदीला रामेश्वरभट्टांची समजूत घालायला गेले नव्हते, हेही ध्यानात ठेवा. पाया पडून उठलात की त्याच जागी, चार माणसांदेखत, भिशीचे विचारा.

बाई जरा हसल्या. म्हणाल्या, "मग वाखरीलाच गाठते त्याला. तिथं सगळ्या पालख्या थांबतात."